पेंगीच्या बाजूचा खड्डा

मी गादी बोलतेय. पलंगावर मिरवणारी नव्हे हं. रात्री जमिनीवर अंथरायची आणि सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची, ती साधी कापसाची गादी. माझ्यावरून हात फिरवलात तर एका बाजूला खोल खड्डा लागेल, दुसरी बाजू मात्र अजून फुगीर. असं का, ते सांगते. बसा जरा.

पिंजाऱ्याने दारात बसून धनुकलीच्या तारेवर कापूस पिंजला आणि मी जन्मले. माझी खोळ शिवणारी घरची बाई तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होती. टाके घालताना म्हणायची, "चौघं मावली पाहिजेत गं बाई हिच्यावर." चौघं मावली, पण फार दिवस नाही. धाकटी रांगायला लागायच्या आत ती बिचारी गेली. बाप गवंडी. पोरी हाताशी येईस्तोवर टिकला, मग एक दिवस परांचीवरून पडला. उरल्या दोघी बहिणी आणि मी.

माणसाची झोप मी जितकी जवळून पाहिली तितकी कुणी पाहिली नसेल. बाप रात्रभर कुशी बदलायचा, पण दुपारी सिमेंटच्या गोणीवर घटकाभर लवंडला की त्याचं भागायचं, असं तोच सांगायचा. थोरलीला सगळे ताई म्हणतात. ती पाठ टेकली की घोरायची आणि अंधार असतानाच टुणकन उठायची. चार-पाच तास तिला रग्गड. उठली की चेहरा असा, जणू कुणी नुकताच पुसून ठेवलाय.

धाकटीचं तसं नव्हतं. तिचा डोळाच उशिरा लागायचा आणि खरी गाढ झोप यायची ती पहाटे. नेमकी ताईच्या उठायच्या वेळेला.

खोली एवढीशी, की मी पसरलेली असले तर स्टोव्हला जागा नाही. म्हणून बापाच्या वेळेपासून घरचा नेम होता, जो आधी उठेल त्याने गादी गुंडाळायची. आता आधी कोण उठणार हे काय सांगायला हवं? ताई पायाकडून मला गुंडाळत यायची आणि धाकटी वरच्या टोकाकडून फरशीवर घरंगळायची.

"ऊठ गं पेंगे! फरशीला मिठी मारून काय पडलीस, लग्न लागलंय का तिच्याशी?"

"ताई, थोडंच गं. डोळे उघडत नाहीत."

"मग मिटल्या डोळ्यांनी दात घास. तोंड कुठे असतं ते ठाऊक आहे ना?"

धाकटी हसायची, भिंतीला धरून उठायची. पेंगी हे नाव ताईनेच ठेवलेलं. पुढे कामावरही तेच चिकटलं.

ताईचा जीव होता हो तिच्यावर, खोटं कशाला बोलू? दुधावरची साय तिच्या वाटीत घालायची. शेजारीण पेंगीला आळशी म्हणाली तर कंबर खोचून भांडायला उठायची. फक्त झोप तेवढी आपल्या मापाने मोजायची.

सुट्टीच्या दिवशी ताई बाजारात जायची आणि पेंगी पोटभर झोपायची. मग बघावं तिला! गुणगुणत खोली पुसायची, ताईच्या ब्लाउजला हुक लावायची, कामावरच्या मुकादमाच्या चालीची नक्कल करून ताईला हसवून हसवून रडवायची. ताई म्हणायची, "सुट्टीला बरा हुरूप येतो गं तुला! कामाच्या दिवशीच तेवढं मेलं दुखणं." झोप आणि हुरूप तिच्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी पडलेले होते. तिला ते जोडता आले नाहीत.

दोघी कपडे धुण्याच्या कारखान्यात होत्या. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. धुतलेली चादर दोन तापलेल्या रुळांमध्ये सोडायची, पलीकडून ती कडक होऊन निघायची. पेंगी चादर सोडायची, ताई पलीकडे घड्या घालायची. मग काम वाढलं, पाळीचे तासही वाढले. दोघी घरी यायच्या त्या जेवायचंही त्राण नसलेल्या.

एका संध्याकाळी पेंगी माझ्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, आज चादर सोडताना माझी मान पडली. रूळ अगदी एवढ्यावर होता. मला भीती वाटते गं. मुकादमाला सांगून मला घड्यांवर घे. नाहीतर सकाळी तासभर झोपू दे."

"एका आईच्या पोटच्या आपण. मला पुरते ती झोप तुला का पुरू नये? झोप लाडावली की डोक्यावर बसते."

"नाही पुरत गं मला."

"आणि मुकादमाला काय सांगू? माझ्या बहिणीला झोप येते? दोघींनाही घरी बसवेल तो."

पेंगी भिंतीकडे तोंड करून पडली. पहाटे तिचं अंग सैल झालं, श्वास खोल गेला, आणि तेवढ्यात माझ्या पायाशी ताईचा हात पडला. मी जड व्हायला पाहिलं. पण कापूस तो, किती जड होणार? गुंडाळली गेले.

त्या दिवशी ताई एकटीच परतली. मला तिने अंथरलं नाही. उंबऱ्यात बसून राहिली. शेजारीण धावत आली, तिला ताईने सांगितलं ते मी कोपऱ्यातून ऐकलं.

"चादरीबरोबर हात गेला गं तिचा. मी पलीकडे उभी होते. चादर माझ्याकडे आली ती लाल होऊन. आणि ती ओरडलीसुद्धा उशिरा. जागीच नव्हती गं."

पेंगी घरी आली तेव्हा तिचा उजवा हात मनगटाशी संपला होता. ताईने मला अंथरलं, ते पुन्हा गुंडाळलं नाही. स्टोव्ह दाराबाहेर नेला. अनवाणी चालायची, भांडं ठेवायची ते फडक्यावर. पण आता झोपच येईना. नसलेली बोटं जळतात म्हणायची पेंगी. दोघी छताकडे बघत पडायच्या.

पुष्कळ दिवसांनी एकदा भर दुपारी पेंगीचा डोळा लागला आणि नेमका मुकादम दारात.

"काय गं, कशी आहे पेंगी?"

ताईने ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, मालक विचारत होते," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तसं बघितलं तर चूक तिचीच. कामावर झोपली."

"झोपली नाही. आपण तिला झोपू दिलं नाही. सकाळी मी आणि दिवसभर तुम्ही."

"बरं, उठव तिला. तिच्याशीच बोलतो."

"आपली आपण उठेल. थांबायचं तर बाहेर थांबा."

तो चपला वाजवत निघून गेला. ताई उंबऱ्यात दाराला पाठ लावून बसून राहिली, आत कुणी येऊ नये म्हणून.

तेव्हापासून मी पसरलेलीच आहे. न झटकलेली, उन्हात न टाकलेली गादी फार टिकत नाही. खालून ओल धरलीय मला, कापसाच्या गाठी झाल्यात, पेंगीच्या बाजूचा खड्डा फरशीपर्यंत गेलाय. ताईला वास येतो. रोज सकाळी ती माझ्या पायाशी येते, वाकते, पेंगीच्या तोंडाकडे बघते आणि हात मागे घेते.

तुमच्या घरीही कुणीतरी उशिरापर्यंत झोपत असेल. त्याच्या अंगाखालून गादी ओढण्याआधी जरा त्याच्या तोंडाकडे बघा. माझं म्हणाल तर मला ऊन नको. आत्ता पेंगीचा श्वास खोल गेलाय. आवाज करू नका.