कुन-यूच्या वाट्याची सही

जुआंग मिन-शिउने ते सॉफ्टवेअर लिहायला घेतलं ते वडिलांच्या तळ्यासाठी. ताइनानच्या किनाऱ्याला उन्हाळ्यात तळ्यातला प्राणवायू घटला की उजाडेपर्यंत सगळी मासळी पोट वर करून तरंगते. पाण्यातला सेन्सर वाचायचा, धोका आधीच ओळखायचा आणि पाणी घुसळणारी चाकं सुरू करायची, एवढंच त्याचं काम. मिन-शिउने ते सगळ्यांना फुकट दिलं. अट एकच होती: त्यात फेरफार करून कुणी ते विकलं, तर त्याने आपले फेरफारही सर्वांसाठी खुले करायचे.

पुढे ते व्हिएतनामपर्यंत गेलं. मग शिन्चूच्या एका कंपनीने ते तळ्यावर बसवायच्या आपल्या यंत्रांत घालून विकायला सुरुवात केली आणि फेरफार मात्र दडवून ठेवले. दोन वर्षं पत्रापत्री झाली, वकील झाले. ते वापरणाऱ्या-लिहिणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मंडळ होतं; त्यातले अर्धे लोक कंपनीला शिव्या देत, उरलेले मिन-शिउला, की हा कोर्टात का जात नाही. शेवटी कंपनीनेच निरोप धाडला: आम्हाला बिनअटीचा वेगळा परवाना द्या, आम्ही पगारी माणसं नेमून सगळं सांभाळतो.

को यी-चेन त्याच्या बरोबरीने हा गाडा ओढत आली होती. पेजेच्या दुकानात तिने निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"दादा, देऊन टाका," ती म्हणाली. "लेकीच्या वाढदिवसाला मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. कुणासाठी, तर मला कामचुकार म्हणणाऱ्या एका माणसाची तक्रार सोडवायला. मला नाही झेपत आता."

मिन-शिउलाही झेपत नव्हतं. पण परवाना बदलायचा तर ज्यांनी ज्यांनी त्यात कोड लिहिला त्या प्रत्येकाची संमती हवी. कुरकुरत का होईना, सगळ्यांची आली. राहिली लाय कुन-यूची. धोका आधी ओळखण्याचा सगळा भाग त्याचा, आणि तो तर वारला होता. त्याचा हक्क आता त्याच्या आईकडे होता.

म्हातारी बुदाई गावात रस्त्याकडेच्या पत्र्याखाली कालवं फोडत बसली होती.

"ये रे. किती वाळलायस. घरी जेवायला घालत नाहीत वाटतं?"

त्याने कागद काढून सगळं समजावून सांगितलं. तिने अर्धं ऐकलं आणि हात धुऊन आली.

"कुठं करू सही?"

"मावशी, नीट ऐकून तर घ्या."

"मला काय कळतंय त्यातलं? तो आजारी होता तेव्हा तू रोज यायचास. तू का वाईट आणशील माझ्याकडं?"

तिने पेन उचललं. मिन-शिउने कागदावर हात ठेवला. आपण असं का केलं ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही.

"कुन-यूनं सही केली नसती, मावशी. ती अट त्याचीच. मला नको होती तेव्हा. त्यावरून आमचं काही महिने बोलणं बंद होतं, तो आजारी पडेपर्यंत."

"मग आणलास कशाला कागद?"

"दमलोय."

म्हातारीने पेन खाली ठेवलं. तिच्या आवाजाला जराशी धार आली.

"म्हणजे तो नाही म्हणाला असता, ते माझ्याकडनं हो म्हणवून घ्यायचं? आणि तेही तूच सांगणार? तुझं तू ठरव बाबा. माझी कालवं वाळतायत."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. तो निघताना तिने पिशवीभर कालवं दिली, पण 'परत ये' म्हणाली नाही.

बस थांब्यावरून त्याने यी-चेनला फोन लावला.

"झाली सही?"

"ती द्यायला तयार होती. मीच घेतली नाही."

"तत्त्व तुम्ही सांभाळता," ती म्हणाली, "आणि रविवार माझे जातात."

"खरंय," तो म्हणाला.

महिनाअखेर यी-चेनने काम सोडलं. भांडली नाही. पासवर्ड, अर्धवट कामं, कुठे काय अडलंय, सगळं व्यवस्थित लिहून दिलं आणि एका बँकेत नोकरी धरली. मिन-शिउ एकटा पडला. तक्रारी साठत गेल्या. रोज दहा सोडवायचा, तर पंधरा येत.

कंपनीचं पुढे असं झालं की जपानच्या एका गिऱ्हाइकाने परवान्याचा पुरावा मागितला. पुरावा नव्हता. मग एका सोमवारी, ना माफी ना खुलासा, कंपनीने आपले सगळे फेरफार खुले केले. मंडळात दिवसभर अभिनंदनं चालली, आणि संध्याकाळी लोक नव्या विषयावर भांडू लागले.

मिन-शिउने ते फेरफार उघडले. बराचसा गाळ होता. पण खाऱ्या पाण्यात सेन्सर हळूहळू खोटं बोलायला लागतो, त्यावरचा एक तोडगा मात्र इतका सुबक होता की तो खुर्चीत सरळ बसला. हाच प्रश्न त्याला कित्येक वर्षं सुटला नव्हता. त्याने तो आपल्याकडे घेतला, लिहिणाऱ्याचं नाव शोधून वर घातलं आणि त्या अनोळखी माणसाला दोन ओळी धाडल्या: काम फार चांगलं आहे, आभार.

दुपारी उत्तर आलं. "आम्हाला तुमच्याशी बोलायची मनाई आहे. पण आभार."

मिन-शिउने ते वाचलं, स्क्रीन बंद केला आणि जेवायला उठला.