धाकट्याची आजी उठलीच नाही

मी लाइटबॉक्स बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही माझे साधेच आहेत. मी मूळचा शाळेतला बाक. पाय मोडला तेव्हा पहिलीच्या वर्गात होतो, पुढचं शिकायचं राहिलं. सुताराने मला कापून पेटी केली. वर काच, आत दिवा, आणि कागद अडकवायला कडेला तीन खुंट्या. तेव्हापासून मी मास्तरांचा. मास्तर एकामागून एक कागदांवर चित्रं काढून ती हलती करायचे.

त्यांचे हात थरथरू लागले, तसं त्यांनी थोरल्या सुनेला माझ्यासमोर बसवलं.

“चेंडू काढ. आपटला की चपटा, उडाला की लांबट. पण आतला माल तेवढाच हवा.”

“उशीवर बसल्यासारखं,” सून म्हणाली.

“तसंच. आणि उडी मारायची तर आधी खाली बसायचं. आधी वाकणं, मग उठणं.”

धाकटा मुलगा दारातून हसायचा. “बाबा, चेंडू काढता काढता वहिनी म्हातारी होणार.”

वहिनी म्हातारी झाली नाही, तिने म्हातारी काढली. खुर्चीतून उठणारी आजी. ती आधी पुढे वाकते, गुडघे दाबते, मग उठते. ती थांबते, तरी शाल मागून येतच राहते. कागद भराभर उलटून पाहताना मास्तर एवढंच म्हणाले, “उठली गं.”

धाकट्याने ते काम स्वतःची सही करून गिऱ्हाइकाला दाखवलं. गिऱ्हाईक कायमचं काम द्यायला तयार झालं. सुनेला हे कळलं तेव्हा ती मला पुसत होती. एक टिपूस काचेवर पडलं, ते माझ्या दिव्याने वाळलं. पण मी डूख धरला. आम्ही लाकडाची जात, ओल धरली की लवकर सोडत नाही.

मग गिऱ्हाईक घरी आलं. “साहेब, माझ्यासमोर काढा ना. तीच आजी, पुन्हा उठू दे.”

धाकटा घाम पुसत माझ्यासमोर बसला आणि एकेक कागद काढू लागला. मी उजवी खुंटी सैल सोडली. प्रत्येक कागद केसभर सरकला. कागद भराभर उलटले, तर आजी आली ती हुडहुडी भरल्यासारखी. त्यात ती वाकलीच नाही, ताठच्या ताठ वर गेली.

“ही उठली, का कोणी उचलली?” गिऱ्हाइकाने विचारलं.

“खुंटी सैल आहे हो.”

“खुंटी सैल असेल,” मास्तर म्हणाले, “पण वाकवायला विसरलास तो तूच. सूनबाई, बस तू.”

ती बसली. मी खुंटी अशी आवळली की कागद हलेल तर शपथ. आजी उठली.

“सही खोडा,” गिऱ्हाईक धाकट्याला म्हणालं. “आणि वहिनींचं नाव तुमच्याच हाताने घाला.”

त्याने माझ्याच काचेवर कागद ठेवून, मान खाली घालून ते लिहिलं. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. “वहिनी, मला चेंडूपासून शिकवाल?”

“बसा भाऊजी,” ती म्हणाली. तिचं मन मोठं आहे. त्याने निवांत तळहात माझ्या काचेवर टेकला. मी तापता येईल तेवढा तापलो.