सुई तर बदलायचे मी

"थांब, थांब. तेवढंच परत म्हण," आत्या म्हणाली. तिच्या मांडीवर कापसाचा गठ्ठा होता आणि ती दवाखान्यासाठी बोळे वळत होती.

मी स्टुलावर उभी होते. उद्या शाळेत माइकवर बोलायला अख्ख्या वर्गातून माझी निवड झाली होती! मागच्या वर्षी हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे, त्यामुळे आता घरात कुणाचीच सुटका नव्हती.

"हेपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो," मी ठसक्यात सुरू केलं. "हात मिळवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. म्हणून प्रत्येक माणसाला नवी सुई आणि नवी सिरिंज..."

"सिरिंज कशाला मध्येच? सुई म्हण. सुई बदलली की झालं."

"कागदावर दोन्ही आहे गं. आरोग्य खात्याच्या बाईंनीच दिलाय."

"त्या कागदवालीने आयुष्यात किती इंजेक्शनं दिलीत, विचार तिला," आत्या हसली.

आत्याला हसायचा हक्क होता. चौकातल्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं इंजेक्शनं देत होती. डॉक्टर बदलले, पाटी बदलली, आत्या तीच. तिने टोचलं की लोक म्हणत, 'मुंगी चावली फक्त'. म्हणून ती मुंगीबाई. संध्याकाळी ती गल्लीत ताकदीची इंजेक्शनं द्यायला निघे. लाल औषधाची एक मोठी बाटली, एक सिरिंज आणि प्रत्येकाला कोरी सुई. सुईचं पाकीट ती माणसासमोरच फोडायची. "बघून घ्या हं, मागाहून तक्रार नको!"

आरोग्य खात्याच्या बाई आल्या होत्या त्या आमच्याच गल्लीमुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी शिंपीकाकांचं रक्त तपासलं, तर हेपॅटायटिस सी निघाला. मग इस्त्रीवाल्या मावशींना. परवा ड्रायव्हरकाकांना. तिघंही ठणठणीत, त्याचीच भीती वाटत होती. बाई म्हणाल्या होत्या, हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि आतल्या आत यकृत पोखरतो.

"कारणसुद्धा आहे, ऐक तर," मी हातवारे करत सांगू लागले. "टोचल्यावर रक्ताचा एखादा कण सिरिंजमध्ये ओढला जातो. डोळ्यांना दिसतही नाही. मग सुई कितीही बदला, तीच सिरिंज पुन्हा बाटलीत घातली की सगळी बाटलीच..."

आत्याचे हात थांबले होते. अर्धा वळलेला बोळा तिच्या चिमटीत तसाच.

"शिंपीदादा," ती हळू म्हणाली. "मग इस्त्रीवाली. मग ड्रायव्हर." तिने दाराबाहेर बोट केलं. "याच ओळीने जाते मी."

ड्रायव्हरकाकांच्या पुढचं दार आमचं.

परीक्षेच्या वेळी मला चक्कर यायची म्हणून आत्याने त्याच लाल औषधाची सहा इंजेक्शनं दिली होती. सहाही वेळा मी फुशारकी मारली होती, "मुंगीसुद्धा नाही चावली!" आत्ता ती माझ्या दंडाकडे बघत होती. मी बाही खाली ओढली आणि स्टुलावरून उतरले.

"सुई तर बदलायचे मी," ती म्हणाली. "कोरी सुई. समोर फोडून."

आई स्वयंपाकघरातून कधी आली, कळलंच नाही. तिचा चेहरा पांढराफटक होता. "वन्सं, एक शब्द बोलू नका बाहेर. लोक दगड मारतील. विचारलंच कुणी, तर डॉक्टरांचं नाव सांगा."

"डॉक्टर कुठे यायचे वहिनी दारोदार? मीच जायचे."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाईलच." मग ती माझ्याकडे वळली. "बरा होतो का गं हा? काय लिहिलंय कागदावर?"

"लस नाही. पण गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. तीन महिन्यांत. वेळेवर कळलं तर."

"आणि नाही कळलं तर?"

ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मी कागदाची घडी घातली.

सकाळी मी माइकवर बोलले. "नवी सिरिंज" म्हणताना माझा आवाज कापला. टाळ्या मात्र खूप पडल्या. शाळेच्या व्हरांड्यात रक्त तपासायचं टेबल मांडलं होतं आणि निम्मी गल्ली रांगेत होती. आत्या थेट पुढे गेली. तिने बाईंच्या हातात दोन पानं ठेवली. आठवतील तेवढी सगळी घरं, ओळीने. मग मागे वळून तिने काय झालं ते सगळ्यांना सांगितलं. तिला माइक लागला नाही.

कुणीच ओरडलं नाही. रांग फक्त दोन पावलं मागे सरकली. शिंपीकाका, जे एरवी ती दिसली की आधी बसायला खुर्ची पुढे करायचे, ते जमिनीकडे बघत राहिले.

"आधी हिचं घ्या," आत्या म्हणाली. "आणि पाकीट समोर फोडा बाई. सिरिंजचंसुद्धा."

तिने स्वतःच माझी बाही वर केली. सुई आत गेली आणि मनगटापर्यंत कळ गेली.

"मुंगी?" तिने विचारलं.

"मुंगीच," मी म्हणाले.