शुक्रवारची पाळी

आमच्या शाळेत वर्गखोल्या दोन, बाया दोन आणि पोरं एकतीस. गावाबाहेरच्या प्रार्थनाघराला चिकटून संस्थेने चालवलेली शाळा. मुख्याध्यापक कारभार बघतात, पण शिकवायचं सगळं चौदा वर्षं मी एकटीने ओढलं. यंदा धाकटी बाई आली आणि चार दिवसांत पोरांना माझा विसर पडला. पोरांचं सोडा, माझी आठ वर्षांची लेकसुद्धा घरी आल्यावर धाकट्या बाई असं म्हणाल्या, धाकट्या बाई तसं म्हणाल्या, एवढंच बोलायची. तिच्यासारखी वेणी घालून मागितली. मी घातली तर म्हणाली, "तुला नाही जमत."

माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी प्रार्थनेत एक मूल आपल्या आवडत्या माणसाचं नाव घेतं आणि सगळे त्याच्यासाठी हात जोडतात. लेकीची पाळी आली की मी उगाच ताठ उभी राहायचे. तिन्ही वेळा तिने धाकटीचं नाव घेतलं. तिसऱ्या वेळी मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. म्हटलं, ही बाई धर्मग्रंथाच्या तासाला पोरांना नुसतं खेळवते, पाठांतराच्या नावाने बोंब. खेळवायची हे खरं, पण पाठांतर तिच्याच वर्गाचं चांगलं होतं. बोलून वळले, तर हजेरीपट घेऊन लेक दारात उभी.

धाकटीला महिनाअखेरपर्यंतच ठेवायचं ठरलं. त्या दुपारी मला दोन घास जास्त गेले.

शुक्रवारची प्रार्थना निराळी असते, पाळ्याही वेगळ्या. त्या दिवशी ज्याच्यावर मनातून राग आहे त्याचं नाव घ्यायचं. पोरं बहुतेक भावंडांची नावं घेतात, नाहीतर पेन्सिल ढापणाऱ्याचं. पाळी लेकीची होती. ती पुढे आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईसाठी. ती धाकट्या बाईंबद्दल खोटं बोलली."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. एकतीस पोरांनी माझ्यासाठी हात जोडले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. सगळ्यांच्या वर धाकटीचा आवाज येत होता. अगदी मनापासून म्हणत होती, माझ्यासाठी. आणि तेव्हाही मला वाटलं, मेलीचा गळा किती गोड आहे.