सामाईक धुरा

अंदमानच्या प्रवाळ शिबिरासाठी आमच्या शाळेतून एकाच विद्यार्थ्याची निवड होणार होती, आणि ती माझीच होणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. दगडी प्रवाळांचे फोटो मी रंगांवरून पाठ केले होते. मग ज्योत्स्ना मॅडमनी सांगितलं की परीक्षेला वाळलेले नमुने येणार, सगळे पांढरे. माझे सगळे रंग वाया गेले.

घरी बाबांनी मोबाइलवर एका प्रवाळाचा फोटो पाहिला. त्यावर खळ्याच खळ्या होत्या.

"गुड्डे, ह्या तं धानाच्या बांध्याच दिसून राहिल्या. पन दोन बांध्यांमधी धुरा एकच रायते. इथं तं जो तो आपला धुरा घालून बसला."

मी दुसरा फोटो उघडला. त्यात दोन खळ्यांमध्ये भिंतीचा धुरा एकच होता.

परीक्षेत मॅडमनी दोन पांढरे गोळे ठेवले. माझ्यासोबत परीक्षेला बसलेला भूपेश म्हणाला, दोन्ही एकाच जातीचे. मी खळ्यांच्या भिंतींवरून नख फिरवलं.

"हा डिप्सास्ट्रिया, प्रत्येक खळीची भिंत वेगळी. हा फेवायटीस, याचा धुरा सामाईक."

"धुरा म्हणजे?" पुण्याहून आमच्या शाळेत आलेल्या ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं.

मी फळ्यावर कोंढा गावातली आमची बांधी काढली, तिला लागून शेजारच्या लक्ष्मणरावकाकांचीही, आणि दोन्हींच्या मधे मातीचा एकच बांध.

निवड माझीच झाली. ते ऐकून बाबा म्हणाले, "मंग समुद्रातबी धुऱ्यावरून भांडनं होत असतीन."

"होतात ना बाबा. काही प्रवाळ शेजाऱ्याला डंख मारतात."

"हे लक्ष्मणरावले सांगू नोको."