झोपलेत

यामिनाने टॅक्सीच्या काचेवर टकटक केली आणि बुझियानला पोलिसांच्या अडथळ्याच्या बरंच अलीकडे थांबायला लावलं. पुढे जाऊन तरी काय करायचं होतं? चांगला रुंद रस्ता, अल्जीरियाकडे बाण दाखवणारी पाटी, आणि रस्त्यावर एक कुत्रंही नाही. सरहद्द बंद झाली तेव्हापासून या रस्त्याला जायला ठिकाणच उरलं नव्हतं.

"दुखवट्याच्या दिवसांत बाईने घराबाहेर पडू नये, काकी," बुझियान पुटपुटला.

"मग तू सांगतोस का माझ्या नणंदेला?"

त्याने इंजिन बंद केलं.

डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत यामिना सरहद्दीवरच्या ओढ्याकडे उतरली. तिचा नवरा मिलूद वारल्याला महिना होत आला होता. त्याची बहीण झुलिखा सरहद्दीपलीकडे दिलेली. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा, "वहिनी, दादाला दे." यामिनाची जीभच रेटायची नाही. दर वेळी एकच, "झोपलेत, वन्सं." शेवटी झुलिखा चिडली. "अबोला धरलाय का माझ्याशी? ओढ्यावर घेऊन ये त्याला, मी बघते."

तोंडाने सांगवत नाही ते कपडे सांगतील, म्हणून यामिना एकटीच आली होती.

पलीकडच्या काठावर, कुंपणामागे झुलिखा उभी होती, शेजारी तिची धाकटी लेक आणि गावातल्या काही बायका. लेकीने आधी पाहिलं. तिकडेच वाढलेली पोर. पांढरं म्हटलं की तिच्या डोक्यात हजच यायची.

"मामी हजला निघाली," ती ओरडली आणि जीभ हलवत तिने आनंदाची लांब लकेर काढली. तिच्या आजूबाजूच्या बायकांनीही ती उचलली. यामिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही, नाही, अशी ती नुसती मान हलवत राहिली. एवढ्या लांबून ते दिसतंय थोडंच.

झुलिखा मात्र अलीकडच्या घरात लहानाची मोठी झाली होती. इकडे नवरा गेला की बाई पांढरं घालते, ते तिला ठाऊक होतं. तिने हात लांबवून पोरीचं तोंड दाबलं. बराच वेळ ती यामिनाकडे बघत होती, मग यामिनाशेजारच्या रिकाम्या जागेकडे. मग मटकन खाली बसली.

यामिनाच्या पिशवीत फोन वाजला.

"वन्सं, ते..."

"असू दे, वहिनी." झुलिखा ओढ्यापलीकडे मुठीएवढी दिसत होती, आवाज मात्र अगदी कानाशी होता. "झोपू दे. उठवू नकोस त्याला."