पो पोची खुर्ची

रविवारी हाँगकाँगात आमच्या लोकांच्या जागा ठरलेल्या असतात. आम्हा इलोकोसकडच्या फिलिपिनो माणसांची जागा सेंट्रलमधल्या एका पायपुलाखाली आहे. पुठ्ठे अंथरायचे, चपला बाहेर काढायच्या आणि संध्याकाळपर्यंत बसायचं. मी खांबाला टेकून बसतो, कोणाला वाचायला हवी तर न्यावीत म्हणून आणलेल्या माझ्या पुस्तकांच्या खोक्याशेजारी. इतर सहा दिवस मी एका डॉक्टरांची गाडी चालवतो आणि त्यांचा कुत्रा फिरवतो. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, त्यातून म्हातारा, त्यामुळे मला कोणी फारसं काही विचारत नाही. विचारतात ते रुग्ण व्हायला.

इथे घरकाम करणाऱ्या आमच्या बायकांना कॅनडातलं कंत्राट हवं असतं, तिथल्या म्हाताऱ्यांची देखभाल करण्याचं. तिथली माणसं फोनवर तोंड बघून मुलाखत घेतात आणि म्हणतात, उचलून दाखव, भरवून दाखव. मग उचलायला कोणीतरी लागतं. मी वजनाला हलका आहे आणि नाही म्हणणं मला जमत नाही. आजवर मला अर्धांगवायू झाला आहे, विस्मरण झालं आहे, खुब्याचं हाड तर अनेकदा मोडलं आहे. मला उचलणाऱ्या कितीतरी जणी आता विनिपेगला नाहीतर एडमंटनला बर्फ झाडत असतील.

हे सगळं जमवून आणते झेनाइदा. तिला सगळ्या जणी मानांग झेनी म्हणतात. मानांग म्हणजे ताई. ती स्वतः कॅनडाला गेली नाही. का गेली नाही ते तिला विचारायची कोणाची हिंमत नाही.

त्या रविवारी परलिता चाकांची खुर्ची ढकलत आली. नेहमी आम्ही घडीची खुर्ची वापरायचो, म्हणून सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"ही कुठून उचललीस गं?" झेनीने विचारलं.

"पो पोची आहे. सर म्हणाले कचऱ्यात टाक."

"आणि तू मेट्रोतून घेऊन आलीस?"

"लिफ्ट होती."

पो पो म्हणजे परलिता जिला सांभाळायची ती चिनी म्हातारी. इथे आजीला पो पो म्हणतात. परलिताची दोन कंत्राटं पूर्ण होऊन तिसरं चालू असताना पो पो झोपेतच गेली होती. सकाळी गरम पाण्याचा पेला घेऊन परलिताच खोलीत गेली होती. मग तिने खोली पुसली, कपडे खोक्यांत भरले, अंत्यविधीच्या दिवशी घरच्यांबरोबर बसून मेलेल्या माणसासाठी जाळतात ती कागदाची सोन्याची बिस्किटं दुमडली. त्यानंतर पो पोचा मुलगा, म्हणजे परलिताचे सर मिस्टर लाउ, स्वयंपाकघरात येऊन फार सभ्यपणे म्हणाले की आता आईच नाही, तेव्हा या महिनाअखेरीला कंत्राट थांबवू या. परलिता "येस सर" म्हणाली आणि भांडी घासत राहिली. हे तिने आम्हाला सांगितलं ते कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. रडली असेल तर आमच्यासमोर नाही. मला वाटतं, कुठेच नाही.

इथलं कंत्राट चालू असेपर्यंत कॅनडाची फाईल इथूनच लागू शकते, असं झेनीचं म्हणणं. ते संपून माणूस गावी परतलं, की सगळं पहिल्यापासून, मनिलाच्या रांगेच्या शेपटाला. परलिताचं वय त्या रांगेला पुरणारं नव्हतं. गावाकडे तिची आई होती आणि आईपाशी वाढणाऱ्या दोन मुली. त्या सकाळी कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातली जेनिस नावाची बाई तिची मुलाखत घेणार होती. महिना संपायच्या आत मिळण्यासारखं तेवढंच एक कंत्राट होतं.

"नीट ऐक," झेनी म्हणाली. "हसत राहायचं. विचारलं तर पो पो ठणठणीत आहे."

परलिताने तिच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? मागे आपल्या लुझनं मुलाखतीत सांगितलं होतं, माझा म्हातारा वारला म्हणून मोकळी झाले. पुढच्या मिनिटाला फोन बंद! त्यांना वाटतं, हिच्या हातात मेला. तर पो पो आता दुसऱ्या मुलाकडे राहायला गेलीय. कुठे?"

"मुलाकडे."

"आणि भुवया उडवायच्या नाहीत. हो असेल तर तोंड उघडून येस मॅम म्हण. तिकडच्यांना आपल्या भुवया कळत नाहीत. त्यांना वाटतं आपण नखरे करतोय. कळलं?"

परलिताने भुवया उडवल्या.

"देवा! हिला कोणीतरी चिकटपट्टी लावा."

सगळ्या हसल्या. परलिताही हसली, पण थोडी उशिरा, बाकीच्या हसताहेत हे बघून.

फोन उभा करायला काही सापडेना. शेवटी झेनीने माझ्या खोक्यातला जाड शब्दकोश काढला आणि त्याला टेकून फोन ठेवला. "घ्या मानोंग," ती मला म्हणाली, "एवढी वर्षं ओझी वाहिलीत, आज पुस्तक कामाला आलं." मानोंग म्हणजे दादा. मी हसलो. ती म्हणते त्यात तथ्य आहे असं मला पुष्कळदा वाटतं. पुस्तकं कोणी नेत नाही. फार तर पाऊस उडाला की त्यावर बसतात.

माझं त्या दिवशीचं दुखणं असं होतं: पक्षाघात, डावी बाजू गेलेली, वाचा गेलेली. जेनिसच्या वडिलांना तेच झालं होतं. मी पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसलो, डावा हात सोडून दिला आणि तोंड जरा वाकडं केलं.

"इतकं नको," झेनी कुजबुजली. "भुतासारखे दिसता."

ठरल्या वेळी फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र होती. पडद्यावर एक पन्नाशीची बाई आली, केस ओले, मागे स्वयंपाकघर, टेबलावर औषधांच्या डब्या. ती दमलेली दिसत होती. तिने परलिताला नाव-गाव विचारलं, थंडी चालेल का विचारलं, जवळचं गाव गाडीने तासाभरावर आहे, चालेल का विचारलं. परलिता प्रत्येकाला येस मॅम म्हणाली. तिचं हसू जागचं हलत नव्हतं. झेनी पडद्याबाहेर उभी राहून मान हलवत होती, छान चाललंय म्हणून.

"बरं," जेनिस म्हणाली, "यांना खुर्चीत बसवून दाखव."

परलिता माझ्यासमोर आली. खुर्ची तिरकी लावली, पावलाने ब्रेक दाबले. माझे दोन्ही पाय आपल्या पायांमध्ये घेतले, माझा निकामी हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. मग तिने माझ्या पाठीमागे हात गुंफले आणि माझ्या कानाशी काहीतरी बोलली. इंग्रजी नव्हतं, आमची इलोकानो नव्हती. कँटोनीज होती, पो पोची भाषा. इतक्या वर्षांत तेवढी मला कळते.

"सावकाश, पो पो. खाली बघू नका."

आणि तिने मला उचललं.

मला पुष्कळ जणींनी उचललं आहे. काही जणी गोणी उचलावी तसं उचलतात, काही घाबरतात आणि मीच नकळत त्यांना मदत करतो. या वेळी मी काहीच केलं नाही. मी उचलला गेलो, वळलो आणि बसलो, एवढंच मला कळलं. ती खुर्ची मध्ये खोलगट झाली होती. पो पो माझ्यापेक्षा अरुंद असावी. परलिताने माझ्या पाठीमागे उशी सरकवली, माझ्या ओठांची कड बोटाने पुसली, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. झालं, असं सांगायला. मग ती तशीच गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. फोन आहे हे विसरली.

"तू त्यांना काय म्हणालीस?" जेनिसने विचारलं.

परलिताने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"हे तुझे कोणी लागतात का? कोणती भाषा ती?"

झेनी पडद्याबाहेरून हात करत होती. परलिता म्हणाली, "मी पो पोला असंच म्हणायचे. चुकून तोंडातून गेलं, मॅम."

"पो पो म्हणजे ज्यांना तू सांभाळतेस त्या?"

"येस मॅम."

"आता कुठे असतात त्या?"

बोट दाखवावं तसं आमच्या पद्धतीने झेनीने ओठ पुढे काढून पलीकडच्या इमारतीकडे दाखवलं. मुलाकडे, मुलाकडे. परलिताचं हसू अजून तोंडावरच होतं. मला वाटतं ते उतरवायचं कसं हे तिला आठवत नव्हतं. ती काहीच बोलली नाही.  मग जेनिसने हळूच विचारलं, "त्या गेल्या का?"

परलिताने भुवया उडवल्या.

आमच्यापैकी प्रत्येकाला ते 'हो' ऐकू आलं. फक्त जेनिसला नाही. ती पडद्याजवळ आली. "सॉरी, मला कळलं नाही. त्या गेल्या का? की तुला यावर बोलायचं नाहीये?" तिचा आवाज जरा कडक झाला होता. परलिताने पुन्हा भुवया उडवल्या. हसूसुद्धा तसंच. तिकडून ते कसं दिसलं असेल हे माझ्या लक्षात आलं. एक म्हातारी मेली का म्हणून विचारावं आणि बाईने हसून भुवया उडवाव्यात.

मी वाचा गेलेला माणूस होतो. मी म्हणालो, "ती हो म्हणतेय, मॅम."

झेनीने कपाळावर हात मारला.

"आमच्याकडे हो असंच म्हणतात," मी म्हणालो. माझी जीभ अडखळत होती, नाटक नसतानाही. "पो पो वारली. अजून महिनासुद्धा झालेला नाही. ही खुर्ची तिचीच."

 मग जेनिसच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला. "तुम्हाला बोलता येतं तर."

"सॉरी, मॅम."

"दुखलं का तुम्हाला? उचलताना?"

मी खरोखरच विचार केला. यात मी नेहमी उशीर करतो. "नाही," म्हणालो, "मला कळलंच नाही, कधी बसलो ते."

जेनिसने फोन उचलला आणि त्या औषधांच्या डब्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. ती हलक्या आवाजात बोलू लागली, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"परलिता, मी आधीच्या मुलींना एक गोष्ट सांगितली नव्हती. सांगितलं तर कोणी येणार नाही असं वाटलं. कंत्राट दोन वर्षांचं आहे, पण बाबा दोन वर्षं काढणार नाहीत. डॉक्टर म्हणतात, एक हिवाळा. फार तर त्याच्या पुढचा. ते गेले की काम संपलं. मग तुला दुसरं शोधावं लागेल, परक्या देशात, पुन्हा. कळतंय का तुला, मी काय सांगतेय?"

परलिताच्या भुवया वर गेल्या. मग तिला आठवलं.

"येस मॅम," ती म्हणाली.

"तरी येशील?"

"येस मॅम."

"विचार करायला वेळ हवा असेल तर..."

"नको, मॅम."

फोन बंद झाला. मग झेनी माझ्यावर तुटून पडली. "मानोंग, तुमची वाचा गेली होती ना? कोणत्या पुस्तकात वाचलंत, की मुकं माणूस मध्येच भाषण करतं?"  मी बोललो ते बरं केलं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. अजूनही येत नाही. माझ्यामुळे तिला ते घर मिळालं असेल तर कसलं घर मिळालं हेही मी ऐकलं होतं.

बुधवारी कंत्राट आलं. झेनीने ते मला गाडीत असताना फोन करून सांगितलं आणि इतकी किंचाळली की मागे बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी पानसित, म्हणजे आमच्याकडच्या परतलेल्या शेवया, आणल्या, केक आणला. परलिताने सगळ्यांना वाढलं, रिकामे डबे धुतले, आणि आपल्या ताटातला केक तसाच झाकून ठेवला. कोणीतरी म्हणालं, परलिता, हस की जरा. ती हसली. मी तिला माझ्या खोक्यातलं एखादं पुस्तक द्यावं असं मनात होतं, पण तिकडच्या थंडीवर माझ्याकडे काही नव्हतं आणि दुसरं काही सुचेना.

निघताना तिने खुर्चीचे ब्रेक तपासले आणि ती माझ्या खांबाशेजारी लावली.

"ही इथेच राहू दे, मानोंग. दुसऱ्या कुणाला लागेल."

"तिकडे तुला नाही का लागणार?"

"तिकडे त्यांची असेल ना," ती म्हणाली. उशीवरची एक सुरकुती तिने तळव्याने सपाट केली. मग मला म्हणाली, "उजवं चाक जरा ओढतं. बसवणारीला सांगा."

ती गेली त्याच्या नंतरच्या रविवारी झेनीने एक नवी मुलगी आणली. तिला अल्बर्टातल्या कुणाला तरी दाखवायचं होतं. मी थप्पीवर बसलो, डावा हात सोडला. उजव्या चाकाचं मी तिला सांगितलं. तिने खुर्ची तिरकी लावली, पाठीमागे हात घातले, दात आवळले आणि काही न बोलता मला उचललं.

मी खाली बघितलं नाही.